दही देणाऱ्या गल्लीची साक्ष

मी वकील आहे आणि मला भाषण करायला फार आवडतं. समोर चार बायका बसलेल्या दिसल्या की माझा आवाज आपोआप चढतो. विधी सेवेच्या कामासाठी खेड्यात जायचं असलं की मी आदल्या दिवशीच साडीला इस्त्री करून ठेवते. अक्कलकोटकडच्या एका गावात तर माझं भाषण इतकं रंगलं, की त्यापायी एक खटला बुडायची वेळ आली.

त्या गावातली एकोणीस वर्षांची मुलगी एका ओळखीच्या बाईबरोबर मोठ्या शहरात गेली होती. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचं काम आहे, असं त्या बाईनं सांगितलं होतं. कसलं काम आणि कसला कारखाना! तिथं तिला कोंडून धंद्याला लावलं. पोलिसांनी तिला सोडवून आणलं, बाईला धरलं आणि नव्या कायद्याखाली मानवी तस्करीचा खटला उभा राहिला. मी मुलीच्या बाजूनं सरकारी वकिलांच्या मदतीला होते. मुलीचं मात्र एकच पालुपद होतं. "मॅडम, मीच व्हय म्हणले की. माजीच चूक हाय." किती समजावलं तरी ती मान वर करायची नाही.

तिच्या गल्लीतल्या बायका आमच्या साक्षीदार. कारखान्याचं आमिष त्यांच्यासमोरच दाखवलं गेलं होतं. मुलगी निघाली तेव्हा शेजारच्या आजीनं तिच्या हातावर दही घातलं होतं, कुणी लाडू बांधून दिले होते आणि सगळ्यांनी "होगि बा", म्हणजे जाऊन ये, म्हणत तिला फाट्यापर्यंत पोचवलं होतं.

आणि नेमकं ह्याच बायकांसमोर मी भाषण ठोकलं. "मुलीला नेणारा गुन्हेगार, पाठवणारा गुन्हेगार, ठेवून घेणारा गुन्हेगार! कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त दहा. मुलगी अठराच्या आतली असेल तर दहापासून थेट जन्मठेपेपर्यंत!" बायका चिडीचूप. मला वाटलं, भारावल्या. पुढचं सांगणार तेवढ्यात चहा आला आणि भाषण तिथंच संपलं.

पुढच्या आठवड्यात समन्स घेऊन पोलीस गेला तर गल्लीला कुलपं! कुणी उजनीकाठी बहिणीकडे, कुणी माहेरी. साक्षीदारांशिवाय खटला कसा टिकणार? मी तणतणत एस.टी.नं गाव गाठलं. फक्त आजीचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यात बसली होती आणि शेजारी गाठोडं. त्यात दोन लुगडी, मिश्रीची डबी आणि दहाबारा कडक भाकरी.

"चला बाई," ती म्हणाली. "बाकीच्या पळाल्या. दही मी घातलं, मीच धाडली पोरीला. कुटं ठेवणार हाय मला?"

मला आधी हसू आलं, मग स्वतःचाच असा राग आला की काय सांगू. मी तिथंच खाली बसले आणि चहामुळे राहिलेलं भाषण पुरं केलं, या खेपेला हळू आवाजात. नुसतं पाठवलं म्हणून गुन्हा होत नाही. फसवून, धमकावून किंवा लालूच दाखवून नेलेलं असावं लागतं, आणि मनात तिचं शोषण करायचा हेतू असावा लागतो.

"आजी, तिला कशासाठी नेतायत हे तुम्हांला ठाऊक होतं?"

"न्हाय गं! ठावं असतं तर त्या बयेच्या टाळक्यात मुसळ घातलं असतं की."

"मग तुमचा गुन्हा नाही. तुम्ही फक्त पाहिलं ते सांगायचं."

आजीनं गाठोडं सोडलं आणि आम्ही दोघींनी तुरुंगासाठी बांधलेल्या भाकरी शेंगाचटणीशी खाल्ल्या. इतकी चवदार भाकरी मी आजवर खाल्लेली नाही.

कोर्टात मुलीची साक्ष आधी झाली होती, तीही खालमानेनं. "व्हय, मी आपनहून गेले," हे तिच्या तोंडून वदवून घेऊन समोरचे वकील खूश होते. आजीलाही त्यांनी तेच विचारलं. मुलगी हसत हसत गेली ना?

"व्हय," आजी म्हणाली. "हसत गेली. कामाला चालले म्हणून हसत गेली. तितं काय वाढून ठेवलंय हे ठावं असतं तर हसली असती व्हय?"

समोरचे वकील कागद आवरून खाली बसले. त्यानंतर आजीच्या निरोपावरून परतलेल्या बाकीच्या बायकाही एकेक करून येऊन सांगून गेल्या.

निकालाच्या दिवशी सगळी गल्ली जीप करून सोलापूरला आली. त्या बाईला दहा वर्षांची शिक्षा झाली. व्हरांड्यात बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, मराठी नि कानडी एकत्रच चाललं होतं आणि शिपाई हळू बोला म्हणून विनवत होता. मला तर नाचावंसं वाटत होतं. एवढ्यात मुलीनं मला बाजूला ओढलं.

"मॅडम, मी व्हय म्हणलेलं, त्येचं जजसायबांनी काय लिवलं?"

मी निकालातली ओळ वाचून दाखवली. गुन्हा ठरवताना पीडितेची संमती गैरलागू आहे. ती सोप्या भाषेत कशी सांगावी म्हणून मी घसा साफ केला, पण तिनं मला हातानंच थांबवलं. ओठ हलवत ती ओळ तिनं मनाशी दोनदा म्हटली. मग मान वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली, "मी व्हय म्हणले तरी गुन्हा तिचाच. माजा न्हाय."

"पुन्ना म्हण," आजी म्हणाली.

ती पुन्हा म्हणाली.