परत सांगाल का?

नांदेडच्या एका दवाखान्यात बुद्धप्रिया सिस्टरचं नाव निघालं की वॉर्डातल्या मावशी तोंड भरून कौतुक करतात. सलाईन लावायला ती उशीर करायची न्हाई, रडणाऱ्या पोराला गप करायला न्हाई. पण मोठ्या डॉक्टरांनी चालता चालता काहीही पुटपुटलं तरी हिचं उत्तर ठरलेलं, "हाव सर!" परत विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही अशी दवंडीच पिटायची की! समजलं नसलं तर ती मागून केसपेपर उघडून बघायची, पण तोंडानं विचारायचं नाव नको.

जर्मनीतल्या दवाखान्यातल्या नोकरीची मुलाखत व्हिडिओवर झाली, तेव्हा इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. तिकडची हेडसिस्टर जर्मनमधून भरभर बोलत गेली, अन् ही मान डोलवत "या, या" म्हणजे "हाव, हाव" करत राहिली. मग हेडसिस्टरनं विचारलं, "मी आत्ता काय सांगितलं?" बुद्धप्रियानं सवयीनं परत मान डोलवली. नापास! आता एकच संधी उरली होती.

आई नागुबाई मेथी निवडत ऐकत होती. म्हणाली, "येवढं या या केलंस, तर तीच यायची की गं इकडं!"

लातूरला शारिकसर जर्मन शिकवायचे. रविवारी एसटीनं बुद्धप्रिया त्यांच्याकडं गेली. सगळं ऐकून सर म्हणाले, "सिस्टर, शब्द लई येतात तुम्हाला. तुम्हाला विचारायची लाज वाटून राहिली." अन् फळ्यावर वाक्य लिहिलं : क्योन्टेन झी दास बिटे वीडरहोलेन? परत सांगाल का?

"'क्योनेन' म्हणजे शकता, 'क्योन्टेन' म्हणजे शकाल. तेवढ्यानं बोलणं मऊ होतं. प्रश्न हाय म्हणून ते पुढं आलं. अन् 'वीडरहोलेन', पुन्हा सांगणं, ते आपल्या क्रियापदासारखं शेवटी जाऊन बसलं."

व्याकरण परतीच्या एसटीतच पाठ झालं. त्यात काय एवढं! अवघड होतं ते माणसासमोर विचारणं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले, औषधाचं प्रमाण पुटपुटले अन् पुढं निघाले. "हाव" अगदी ओठावर आलं होतं. ते गिळून बुद्धप्रिया म्हणाली, "सर, परत सांगाल का?" मावशींचा झाडू जागीच थांबला. डॉक्टरांनी वळून चष्म्यावरून बघितलं अन् सावकाश, नीट सांगितलं. आभाळ काही कोसळलं नाही. बस, एवढंच होतं व्हय! तिला स्वतःचंच हसू आलं.

दुसऱ्या मुलाखतीला नागुबाई लेकीच्या शेजारी बसली. हेडसिस्टरनं एका म्हाताऱ्या पेशंटची हकीकत भरभर सांगितली. बुद्धप्रिया ताठ बसली. "क्योन्टेन झी दास बिटे वीडरहोलेन?" हेडसिस्टरनं पुन्हा सांगितलं. तरी एक शब्द निसटलाच. हिनं त्याच आवाजात परत विचारलं. अन् मग उत्तर दिलं, ते अगदी ठणठणीत. कुठं अडखळली नाही.

हेडसिस्टर हसली. "माझ्या वॉर्डात न कळता मान हलवणारी नको. असं विचारणारीच पाहिजे. ऑक्टोबरमध्ये या."

बुद्धप्रिया आईकडं वळली. "माय, घेतलं गं मला! ऑक्टोबरात जायचंय."

नागुबाईचे कान अजून तिखट होते, तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. आनंदानं तिचा ऊर भरून आला, अन् लेक आता एवढ्या लांब जाणार, हेही उमगलं. लेकीचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "परत एकदा सांग की बाई."