नट मागे घेताना

दाजी गेल्याची बातमी शालूनंच फोनवर दिली. "मामा, बाबा नाही राहिले," एवढंच म्हणाली. देवासला जन्म गेला, शाळा हिंदीतली, त्यामुळे तिचं मराठी असंच. सकाळी चहा मागितला, ती घेऊन आली तोवर मान कलली होती. मी धारहून पोहोचलो तेव्हा दारात जुने ड्रायव्हर, मिस्त्री, शेजारपाजारचे उभे होते. त्यांच्यातला एक म्हातारा माझा हात धरून म्हणाला, "भिया, ऐसे हाथ अब कहाँ." त्या हातांनी काय सोसलं ते मला ठाऊक होतं. आता महिना होत आला. दाजींनी स्वतः ते कधी लपवलं नाही, म्हणून लिहितो आहे.

दाजी म्हणजे यशवंतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, इंदूताईचे यजमान. आमचे वडील धारच्या दरबारात पागेवर होते. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, आणि वडीलही फार दिवस राहिले नाहीत. त्याच सुमारास ताईचं लग्न झालं. दाजी लढाईच्या काळात फौजेच्या मोटारखात्यात होते. परत आल्यावर लष्करी मालाच्या लिलावातून त्यांनी एक जुना ट्रक घेतला आणि बागलीला बिऱ्हाड केलं. साध्या ट्रकला इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो, याला पुढच्याही चाकांवर होता. चिखलातून, नाल्यातून, जंगलातल्या गाडीवाटेनं तो लाकूड आणि गहू घेऊन यायचा. ताई पहिल्यांदा त्यात बसून माहेरी आली तेव्हा आमची सगळी आळी बघायला जमली होती. ती टपावरून उतरल्यासारखी उतरली, पदर सावरला आणि आईला म्हणाली, "हत्तीवरून आले." दाजी स्टिअरिंगमागे बसून लाजत होते… त्या दोघांचं जमलं होतं, हे आईनं त्याच दिवशी ओळखलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, असं ठरलं होतं. आई सातव्या महिन्यात ताईला आणायला जाणार होती, पण तेव्हा मला विषमज्वर झाला आणि तिचं जाणं लांबलं. मी उठून बसायला लागलो त्याच आठवड्यात बागलीला ताईला अवेळी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, देवासला दवाखान्यात न्या. दाजींनी ट्रकच्या मागच्या भागात गाद्या घातल्या, वर ताडपत्री बांधली, सुईणीला सोबत घेतलं आणि सकाळीच निघाले. आदल्याच दिवशी त्यांनी पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं.

अर्धी वाट झाली असेल. जळक्या ग्रीसचा वास आला, मग धूर, आणि डावं चाक जाम होऊन गाडी रस्त्याच्या कडेला ओढली गेली. चाकात हात घालवेना, इतकं ते तापलं होतं. बेअरिंगचे रोलर दळून आसाला चिकटून बसले होते. दाजी शेतातून धावत बैलगाडी शोधायला गेले. ते गाडी घेऊन परतले तेव्हा ताडपत्रीखाली मूल रडत होतं. शालूचा जन्म त्या ट्रकमध्येच झाला. पण ताईचं रक्त थांबेना. बैलगाडीनं देवास गाठेपर्यंत ती राहिली नाही.

निरोप आला तसे आई आणि मी देवासला गेलो. अग्नी दिल्यावर दाजी आईच्या समोर येऊन उभे राहिले. डोळे वर उचलत नव्हते. नवं बेअरिंग बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळावा लागतो, म्हणाले, चाक जड होईपर्यंत. आणि मग तो नट थोडा मागे घ्यावा लागतो, नाहीतर बेअरिंग तापून जळतं. नट आवळल्याचं त्यांना आठवत होतं. मागे घेतल्याचं आठवत नव्हतं. घेतला असेल, नसेलही. माल जुना होता, बेअरिंगच खोटं निघालं असेल… पण त्यांना तो क्षणच आठवत नव्हता. बाळाला घेऊन आई माझ्याबरोबर धारला परतेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, बागलीला जायचं.

बागलीला घराबाहेरच्या कडुलिंबाला अस्थींचं गाठोडं बांधलं होतं. ट्रक बैल लावून ओढून आणला होता, तो अंगणात उभा होता. दाजी त्याच्याकडे बघतही नव्हते. विकून टाकतो म्हणाले. नेमावरला नर्मदेवर अस्थी न्यायच्या, त्यासाठी मी एका शेजाऱ्याची गाडी ठरवायला निघालो, तर आईनं मला थांबवलं. इंदू याच गाडीतून जाईल आणि गाडी जावईबापू चालवतील, असं तिनं सांगितलं. मला ते क्रूर वाटलं. दाजींना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. ते इंदूरला जाऊन नवं बेअरिंग घेऊन आले.

ते काम आई अंगणात पोत्यावर बसून, मांडीवर बाळ घेऊन, पहिल्यापासून बघत राहिली. दाजींनी जॅक लावून चाक उचललं. आसाचं टोक सोडवलं, चाकाचा गाभा बाहेर काढला, आत जळून बसलेली पोलादी कडी पितळी दांड्यानं एकदा इकडून एकदा तिकडून ठोकत सोडवली. आस रॉकेलनं धुतला, घासून गुळगुळीत केला. नव्या कड्या बसवल्या. मग तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहिले, रोलरच्या फटीफटीतून ते वर येईपर्यंत. एका हातानं चाक फिरवत त्यांनी नट आवळत आणला. चाक जड झालं, थांबलं… आणि दाजीही थांबले. पाना नटावर तसाच.

"इथंच, आई," ते म्हणाले. "इथून पुढचं मला आठवत नाही."

आईनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी सातव्या महिन्यात तिला न्यायला येणार होते. आले नाही. ते माझ्याजवळ राहील, हे तुमच्याजवळ राहील. पण या पोरीला कोण बघणार?" तिनं नटाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "घ्या मागे. मी बघतेय. पुन्हा कधी आठवलं नाही तर मला विचारा, मी सांगेन."

दाजींनी नट मागे घेतला. वरून दुसरा नट घालून तो पक्का केला. चाकाला वर-खाली धरून हलवून पाहिलं, मग फिरवून दिलं. ते बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं. त्यानंतर दाजी चाकाला टेकून बसले आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा रडले. आई उठून त्यांच्याजवळ गेली नाही. तिनं मला खुणेनं तिथून घरात जायला सांगितलं.

अस्थी घेऊन आम्ही त्याच ट्रकनं निघालो. खातेगांवच्या पुढे जाईपर्यंत वाटेत दाजी कितीदा तरी थांबले. उतरून चाकाच्या गाभ्यावर हात ठेवत. दरवेळी आईही उतरे, हात लावी आणि म्हणे, "गार आहे. चला." नेमावरला आम्ही ताईला नर्मदेत सोडलं.

पुढं ट्रक विकला. दाजींनी देवासला एका गॅरेजात काम धरलं, आणि आई धारचं घर माझ्यावर टाकून जावयाकडे राहायला गेली. लोक बोलले, जावई अजून तरुण आहे, दुसरं लग्न करील, मग म्हातारी कुठं जाईल. दाजींनी लग्न केलं नाही. शालूचे केस आई विंचरायची आणि शाळेत दाजी सोडायचे. त्या वर्षांत मी गेलो की एक गोष्ट बघायचो. पुढच्या चाकाचं काम असलं की ते गाडी घरी आणून पडवीसमोरच करत, आणि नटाची वेळ आली की हाक मारत, "आई…" ती स्वयंपाक टाकून, हात पुसत येई. त्यांनी नट मागे घेतला की मान हलवून आत जाई.

आई गेली तेव्हा शालू शाळकरी होती. पुष्कळ दिवस दाजींनी पुढच्या चाकांची कामं घेतली नाहीत. एकदा शालूनंच विचारलं, का घेत नाही? तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, काही न वगळता. मी त्या दिवशी तिथं होतो. पोर काय म्हणेल याची मला धास्ती होती. तिनं एवढंच विचारलं, "आईने मला बघितलं होतं?"

"बघितलं ना," दाजी म्हणाले. "उचलून घेतलं होतं. नाव मीच ठेवणार म्हणाली."

"मग ठेवलं?"

"शालन. बैलगाडीत ठेवलं."

हे मला तोवर माहीत नव्हतं. कदाचित आईलाही नसावं.

आता देवासच्या घरात, बाहेरच्या खोलीत खिडकीशी दाजींची बाज आहे. शेवटची वर्षं ते तिथंच बसून असत. रस्त्यानं ट्रक आला की बोलता बोलता थांबायचे, मान कलती करून चाकांचा आवाज ऐकायचे, तो पुढच्या वळणाशी, मोडावर दिसेनासा झाला की उरलेलं वाक्य पुरं करायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्हीही आपोआप गप्प बसायचो. तेराव्यानंतर मी निघायच्या दिवशी शालू त्या बाजेवर बसून मला सांगत होती, की वरची खोली भाड्यानं देईन, पण ही नाही देणार, कारण… तेवढ्यात बाहेरून एक ट्रक गेला. शालू थांबली. मीही थांबलो. आवाज लांब गेला, मोडावर वळला, ऐकू येईनासा झाला. पण तिनं वाक्य पुरं केलं नाही.