पुंजाजींच्या नाकाची सात दिवसांची नोंद

पुंजाजी डोईफोडे यांचं नाक वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी लाल झालं आणि मग ते कधीच पुरतं निवळलं नाही. त्याआधी डोणगावातल्या इतर नाकांसारखंच ते एक नाक होतं. माझ्या डायऱ्यांत त्याचा कुठेही उल्लेख सापडत नाही.

पुंजाजी आमचे शेजारी. पाच एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, गळ्यात तुळशीची माळ. दारू तर सोडाच, ते सुपारीही खात नसत. गावात चैत्रात सप्ताह बसे. त्याची पहिली वीणा अकरा वर्षं पुंजाजींच्या गळ्यात पडत आली होती. सात दिवस ही वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जो पहिल्यांदा घेतो त्याचा मान मोठा, आणि तो निर्व्यसनी हवा हा नियम.

दारूबंदीचे ते दिवस. बंदीच्या काळात एखाद्याचं नाक लाल झालं की लोकांचे दोन तट पडतात. एक तट त्याची निंदा करतो. दुसरा त्याला एकटं गाठून हळूच विचारतो, "कुठं भेटून राह्यली, भाऊ?" पुंजाजींना दुसऱ्या तटाचाच जास्त त्रास झाला. ते "कायची?" असं विचारत, आणि समोरचा डोळा मिचकावून म्हणे, "पक्का हाय गडी. सांगत नाई."

झुंबरबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नाकाला हळद लावली, साय लावली, मुलतानी मातीही लावली. पुढे गालांवरही लाली चढली आणि बारीक पुळ्या आल्या. शेवटी आमचे हे (शाळेचे हेडमास्तर) त्यांना बुलढाण्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी इंग्रजीत चिठ्ठी दिली. ती मी वाचली, कारण कामठीच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी माझ्याकडून दुसरं काही नाही तरी वाचणं आणि तारीख घालून लिहिणं एवढं करून घेतलं होतं. रोगाचं नाव रोझेशिया. काहींना चाळिशीनंतर होतो. मुळापासून जात नाही, पण जपलं तर आटोक्यात राहतो. ऊन, चुलीची धग, कढत चहा आणि तिखट टाळावं. कशाने भडकतो ते रोज लिहून ठेवावं.

"कढत चा नाई, ठेचा नाई, ऊन नाई," पुंजाजी म्हणाले. "मंग मानसानं जगावं काऊन, मास्तरीनबाई?"

"वीना घ्याले," झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच दिवशी घरातला पाटा-वरवंटा उचलून आमच्याकडे आणून ठेवला. शेतात जाताना पुंजाजींच्या डोक्यावर पागोटं, पागोट्यावर ओलं फडकं आणि त्यावर छत्री असे. चहा बशीत ओतून, त्यावर साय धरेपर्यंत झुंबरबाई समोर बसून राहत. मग त्या म्हणत, "प्या आता." त्यावर पुंजाजी म्हणत, "आता याले चा म्हनाले लाज वाटते."

पाडव्याच्या दोन दिवस आधी, २४ मार्च १९६३, रविवारी, मारुतीच्या पारावर सप्ताहाची बैठक बसली. अध्यक्ष किसनराव. भारदस्त माणूस, मिशा टोकदार, सप्ताहाचा मंडप त्यांच्याच देखरेखीखाली उभा राही.

"पुंजाजी, तुमच्याबद्दल मनात काई नाई," किसनराव म्हणाले. "पन नाक पाहा तुमचं. बाहेरगावचे महाराज येतीन. ते काय म्हनतीन?"

"डाक्टरची चिठ्ठी हाय," पुंजाजी म्हणाले.

"चिठ्ठी इंग्रजीत हाय. त्यात काय लिवलं ते त्या चिठ्ठीले मालूम अन् त्या डाक्टरले."

"मास्तरीनबाईनं वाचली."

"त्या तुमच्या शेजारी राह्यतात."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "नजीरभाईले वास घेऊ द्या."

नजीरभाई अत्तर विकत. मेहकरच्या बाजारात, लग्नाच्या घरी, उरुसात ते पेटी घेऊन फिरत. डोळे मिटून ते सांगत की हा हिना जुना की नवा, आणि बाटलीत तेल किती घातलंय. गावात त्यांच्याइतकं निःपक्षपाती नाक दुसरं नव्हतं. ते सप्ताहाच्या मंडळात नव्हते आणि पुंजाजींचे भाऊबंदही नव्हते. ठरलं असं की पाडव्यापासून सात दिवस, रोज सकाळी सात वाजता, नजीरभाईंनी पुंजाजींच्या तोंडाचा वास घ्यायचा. सातही दिवस साफ निघाले तर वीणा पुंजाजींची. एक दिवस जरी दारूचा वास आला तरी वीणा कायमची गेली.

घरी येऊन पुंजाजी नुसते बसून राहिले. "अकरा वरीस घेतली," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी लिहायला सांगितलंच होतं, म्हणून मी डायरीचं पान उभं दुमडलं. डावीकडे नजीरभाई काय सांगतात ते, उजवीकडे नाकाचा रंग. रंगाला माप हवं म्हणून मी चार पायऱ्या केल्या: गाजर, वीट, डाळिंब आणि जास्वंद.

मंगळवारी पाडवा. पारावर चाळीसेक माणसं. नजीरभाईंनी आधी स्वतःच्या बाहीचा वास घेतला, नाक मोकळं केलं आणि म्हणाले, "हां, खोला."

पुंजाजींनी तोंड उघडलं.

"कडूलिंब. गूळ. पुरन," नजीरभाई डोळे मिटून म्हणाले. "दोन पोया खाल्ल्या."

"तीन!" बायकांतून झुंबरबाई ओरडल्या.

"तिसरीले तूप नसन लावलं," नजीरभाई शांतपणे म्हणाले. खरंच नव्हतं लावलं.

त्या दिवसापासून गावाला नादच लागला. दुसऱ्या दिवशी सव्वाशे माणसं होती. नाक: गाजर. वास: ज्वारीची भाकर, ताक, धने. तिसऱ्या दिवशी मात्र पुंजाजी आले ते जास्वंदीसारखे लालभडक. किसनराव खूश होऊन म्हणाले, "पाहा! पेटलं! आज सापडते."

नजीरभाईंनी वास घेतला. पुन्हा बाही हुंगली. पुन्हा वास घेतला.

"सांगा ना बे!" कोणीतरी ओरडलं.

"वांगं," नजीरभाई म्हणाले. "भरलेलं. मिरची दाबून. वरतून कढत चा, दोन कप." मग डोळे उघडून जरा संकोचाने म्हणाले, "पन हे वांगं झुंबरभाभीच्या हातचं नाई."

पुंजाजी मारुतीकडे पाहू लागले. आधीच्या संध्याकाळी ते पलीकडच्या गल्लीत कलाबाईंकडे, आपल्या बहिणीकडे, तब्येत विचारायला गेले होते. तब्येत विचारताना वांगी खाल्ली होती, आणि सकाळी पारावर येता येता पुन्हा तिथेच चहा घेतला होता.

"मी इथं बशीत फुका मारून राह्यली," झुंबरबाई म्हणाल्या, "अन् हे तिकडं पेटून येऊन राह्यले!"

दारू मात्र निघाली नाही. मी डावीकडे लिहिलं: वांगं, मिरची, कढत चहा. उजवीकडे: जास्वंद. दोन्ही पुंजाजींना वाचून दाखवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदाच पटलं की डॉक्टर खोटं बोलले नव्हते. "म्हंजे नाक माह्यं, पन चाडी वांग्यानं केली," ते म्हणाले. पुढचे दिवस ते शिस्तीने वागले. गाजर, गाजर, वीट (त्या दिवशी बैल उधळल्यामुळे उन्हात धावावं लागलं), पुन्हा गाजर.

पण या साऱ्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नव्हता. गावातले बरेच पुरुष नजीरभाईंना टाळू लागले. समोरून पेटी येताना दिसली की कोणी चप्पल दुरुस्त करायला खाली वाके, कोणी भिंतीकडे तोंड करून बोले. स्वतः किसनराव तर नजीरभाईंशी रस्त्याच्या पलीकडून, तोंडावर उपरणं धरून बोलत. धूळ फार आहे म्हणत. त्या आठवड्यात वारा अजिबात नव्हता. तशी माझी नोंद आहे.

२ एप्रिलला सप्ताह बसला. पुंजाजींनी पहाटेपासून ओलं फडकं तोंडावर ठेवलं होतं, चहाला हात लावला नव्हता. नाक फिकट गाजर, इतकं की अनोळखी माणसाला कळलं नसतं. पण किसनरावांना यायला उशीर झाला. मंडपाबाहेर सगळे उन्हात उभे. पुंजाजींचं नाक गाजरावरून विटेवर आलं, विटेवरून डाळिंबावर.

"छत्री आना, छत्री!" झुंबरबाई ओरडत होत्या.

छत्री आली, तेवढ्यात किसनरावही आले. आल्या आल्या ते म्हणाले, "नाक तर पेटलं हाय. आज वास झाला का?"

"तुमचीच वाट पाहून राह्यलो," नजीरभाई म्हणाले. त्यांनी पुंजाजींच्या तोंडाजवळ नाक नेलं. सगळे थांबले. पुंजाजींनी डोळे घट्ट मिटले होते.

"ताक. जिरं. बाकी काई नाई," नजीरभाई म्हणाले. "सात दिवस झाले, आज आठवा. साफ."

आता रीत अशी की अध्यक्षांनी वीणा उचलायची, जयघोष करायचा आणि मगच ती पहिल्या वीणेकऱ्याच्या गळ्यात घालायची. जयघोषावाचून वीणा हलत नाही. किसनरावांनी वीणा उचलली. पण गर्दीत नजीरभाईंना मागे सरकायला जागाच नव्हती. त्यांचं नाक किसनरावांच्या मिशांपासून वीतभर अंतरावर होतं.

किसनरावांनी तोंड मिटून घेतलं.

लोक वाट पाहत होते. वीणा खाली ठेवता येत नाही. पुढे देता येत नाही. किसनरावांचे गाल फुगले. कपाळाला घाम आला. गाजर, वीट, डाळिंब या पायऱ्या त्यांनी एका दमात ओलांडल्या. मी इतक्या जवळून जास्वंद पुन्हा पाहिलेलं नाही. त्यांच्या शेजारी पुंजाजी अगदी निरोगी दिसत होते.

"म्हना ना, भाऊ!" झुंबरबाई म्हणाल्या. "तोंडात काय हाय?"

शेवटी श्वास कोणाचं ऐकणार? "पुंडलीक वरदा हाऽऽऽरी विठ्ठल!" एवढा मोठा जयघोष त्या गावाने कधी ऐकला नव्हता, आणि तो सबंध नजीरभाईंच्या तोंडावर गेला.

सगळ्यांनी नजीरभाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. बराच वेळ मिटलेले होते.

"काय निघालं, नजीरभाई?" मागून कोणीतरी विचारलं.

नजीरभाईंनी डोळे उघडले. "मले एकाच मानसाचं काम सांगतलं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी पेटी उघडली, हिन्याची बाटली काढली, तिच्यात भिजवलेला कापसाचा बोळा किसनरावांच्या दोन्ही मिशांना नीट, टोकापर्यंत लावला आणि पेटी बंद केली.

किसनरावांनी मान खाली घालून वीणा पुंजाजींच्या गळ्यात घातली.

पुंजाजींनी त्यानंतर आणखी एकोणीस वर्षं पहिली वीणा घेतली. नाक शेवटपर्यंत त्यांना सांभाळावं लागलं. छत्री, ओलं फडकं आणि बशी सुटली नाही. त्या दिवशी वीणेचा पहिला पहारा संपवून, पेटलेल्या नाकाने ते आमच्या ओट्यावर आले तेव्हा मी विचारलं, उजवीकडे काय लिहू? त्यांनी नाकावरून हात फिरवला.

"लिवा, जास्वंद," ते म्हणाले. "अन् खाली लिवा, दोघांचं."