हिंगाच्या डबीतली राणी

तीस वर्षं मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मी मुंग्यांशी हळद आणि हिंग घेऊन लढले, आणि माझ्याच पोटच्या पोरीनं पीएचडीसाठी मुंग्याच निवडल्या. कोणी विचारलं की मी "ती सायन्समध्ये रिसर्च करते" म्हणून विषय बदलायची. आमच्याकडे सगळे सरकारी नोकरीवाले. मुंग्या काय सांगायच्या त्यांना?

काळ्या मुंगळ्यांचं एक घर एकट्या राणीपासून कसं उभं राहतं, ते तिला पहिल्या दिवसापासून पाहायचं होतं. पण या राण्या वर्षातून मोजक्याच संध्याकाळी बाहेर पडून उडतात. दोन वर्षं तिच्या हाती एकही लागली नव्हती, यंदाही हुकली तर आणखी एक वर्ष गेलं. आणि ऐन वेळी ही बया विद्यापीठाजवळ मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीत डेंग्यूनं आडवी. दुपारी मी तिला मऊ भात भरवून घरी परतले, तर संध्याकाळी फोन.

"आई, वारा पडलाय, उकडतंय. आज उडतील. तूच पकड ना, प्लीज."

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की नाही म्हणवेना. हाताशी हिंगाची रिकामी डबी होती. ती तीनदा घासून मी खाली सोसायटीच्या बागेत गेले.

भिंतीच्या कडेला मुंगळे उसळले होते. मी मुलीला व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांत थोराड, भल्या मोठ्या डोक्याच्या एकीवर कॅमेरा धरला. मुलगी म्हणाली, ती कामकरी. डोक्यावर जाऊ नकोस, पाठ बघ. उडायचे स्नायू तिथे असतात, म्हणून राणीची पाठ डोक्याइतकीच रुंद आणि फुगीर असते. मग पंखवाला दिसला, तर म्हणे एवढंसं डोकं आणि सडपातळ अंग म्हणजे नर. तासभर मी ओणवी होऊन नापास होत होते. कंबरेचं तर विचारूच नका.

गेटवरचा गार्ड आला. "मॅडम, कुछ गिर गया क्या?"

खरं सांगायची लाज वाटली. "कान का गिर गया," मी म्हटलं. तो भला माणूस टॉर्च घेऊन माझ्याबरोबर शोधायला लागला, आणि त्याच्याच उजेडात ती दिसली.

रुंद पाठ, भरलेलं पोट, चार लांब पंख. तिनं अंग वाकडं केलं, पाय पंखावर रेटला आणि पंख मुळापासून उपटून टाकला. मग दुसरा, तिसरा, चौथा. कोणी शिकवलं होतं तिला? नुकतीच आभाळातून उतरलेली ती बाई परतीची वाट स्वतःच्या पायांनी मोडत होती, आणि मी भारावून नुसती बघत राहिले. मग भानावर येऊन तिला डबीत घेतलं.

घरी झाकण उघडलं तर ती कुशीवर, पाय आखडलेले. डबीला हिंगाचा वास होताच. ज्या हिंगानं आयुष्यभर मुंग्या पळवल्या, त्यातच मी राणी कोंडली होती. रडत फोन केला.  मुलगी शांतपणे म्हणाली, काचेच्या ग्लासात काढ, ओला कापूस ठेव, वर मलमल बांध आणि हात लावू नकोस.

सकाळी राणी कापसाला टेकून मिशा पुसत होती. मी देवाला नमस्कार केला आणि ग्लास पदराखाली धरून मेट्रोनं मुनिरका गाठलं.

मुलगी उशीला टेकून बसली आणि तिनं भिंग माझ्याच हातात दिलं. पाठीवर पंख तुटल्याचे व्रण होते. कपाळावर तीन इवले डोळे चमकत होते, बाजूच्या दोन मोठ्या डोळ्यांखेरीज. पन्नाशी उलटली तरी हे मला कोणी दाखवलं नव्हतं. मुलगी म्हणाली, आता ती काहीच खाणार नाही. उडायचे स्नायू अंगातच विरघळवून त्यावर पहिली पिल्लं वाढवील. मला भरून आलं.

"राणीच आहे," पोरगी म्हणाली, आणि तिच्या सुकलेल्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिनं वही ओढली. तारीख, जागा, आणि 'कोणी पकडली' या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. हिंगाचं काही लिहिलं नाही.

संध्याकाळी मी परतले तेव्हा गार्ड गेटवरच होता. त्यानं विचारलं, "मॅडम, कान का मिला?"

"कान का गिरा ही नहीं था, भैया," मी म्हटलं. "मेरी बेटी चींटियों पर रिसर्च करती है. उसके लिए रानी ढूँढ रही थी."