यमाईच्या पायऱ्या आणि आडवी दाढ

डॉक्टरांनी दाढ काढायला सांगितलं होतं, आणि ती काढायची सोडून मी देवीला विचारायला औंधला गेलो. हा मूर्खपणा आहे, हे बायकोनं निघतानाच सांगितलं होतं. पण जिभेला कॅन्सर झाला म्हणून माणूस बायकोचं ऐकायला लागतो, असं थोडंच आहे?

सांगलीत रेडिएशनची तारीख ठरली होती. विश्रामबागच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकलेली. "ही आधीच काढायची. रेडिएशननंतर काढावी लागली तर जबड्याचं हाड भरून येत नाही." जखम भरायला वेळ हवा, म्हणून शुक्रवार हा शेवटचा दिवस दिला होता. त्यात मी झोपेत दात खातो. आजार कळल्यापासून तर इतके, की बायको म्हणते, उशाशी जातं फिरतंय. रात्री दातांवर चढवायला बाईंनी कव्हर दिलं होतं. दिवसाही मी दात आवळूनच असतो, हे मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं.

खरं कारण भीती. शुक्रवार देवीचा वार, म्हणून सकाळीच यमाईचा डोंगर चढलो. आमच्या गावच्या देवाला फुलांचा कौल लावतात. इथं तशी रीत आहे का, हे न विचारताच मी मनात कौल लावला : मूर्तीवरचं उजवीकडचं फूल पडलं तर दाढ काढायची. दात आवळून उभा राहिलो. फूल काही पडेना. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी गुरवानं हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "सरका पुढं." त्या तंद्रीत मी तो नेमका दुखऱ्या दाढेच्याच बाजूनं चावला.

कळ कानातून मस्तकात गेली. पायरीवर बसलो, तोंड बोटभरही उघडेना. फूल, कौल, सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, आई, मला कळत नाही. तू नेशील तिकडं जातो.

खाली आलो तर एसटी गेलेली, आणि दवाखाना दुपारी बंद होणार. पाचगणीची स्ट्रॉबेरी घेऊन निघालेला एक टेंपो पाण्यासाठी थांबला होता. मी सांगलीची गाडी विचारत होतो, ते ऐकून टेंपो चालवणारे पांढऱ्या दाढीचे चाचा माझ्या गालावरचा हात बघून म्हणाले, "सांगलीला ना? बसा. खड्डा आला की सांगतो, जबडा ढिला सोडा." विट्यापर्यंत, पुढं सांगलीपर्यंत, ते "खड्डा" म्हणत राहिले आणि मी जबडा सोडत राहिलो. विश्रामबागेत उतरलो, नाव विचारायच्या आत टेंपो निघून गेला.

बाईंनी खांद्याला लावलेली पर्स परत ठेवली. दाढ निघाली, खाली पू साठलेला होता. "ही राहिली असती तर," म्हणाल्या आणि त्यांनी जखमेवर बोळा दाबला. जखम वेळेत भरली, रेडिएशनही ठरल्या दिवशी सुरू झालं. आज तोंड कोरडं पडतं, चव पुरती आलेली नाही, पण जबडा शाबूत आहे.

तो टेंपो देवीनंच पाठवला, असा माझा दावा नाही. चाचांचा तो नेहमीचा रस्ता असेल. पण त्या पायरीवर मी जे सोडलं, ते आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. अजून रात्री कव्हर चढवताना आधी जबडा ढिला सोडतो आणि यमाईचं नाव घेतो. झोप लागते.

परवा बायकोला घेऊन पाया पडायला गेलो. गुरवाला सगळं सांगितलं, कौलासकट. तो म्हणाला,

"आवं, डॉक्टरनं सांगितल्यालं परत आईला कशाला इचारायचं? तिला दुसरं काम न्हाई व्हय?"