उलटे टांगलेले बोंबील

माझी बायको अर्चना चित्रं काढते, हे आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. कसली काढते, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या काकू अजून तिला दारात रांगोळी काढायला बोलावतात आणि ही बया जातेही.

आमच्या लेकीला, स्वराला, शाळेत सोडलं की ती जवळच्या पाम गावाला जाते. तिथे पत्र्याची एक खोली आम्ही भाड्यानं घेतली आहे, पूर्वी त्यात भाताची पोती असायची. आधी ब्रश धुवायचे, मग कालचं चित्र अर्धा तास नुसतं बघत बसायचं आणि नाही पटलं तर सरळ खरवडून टाकायचं, हा तिचा बारा वर्षांचा नेम. माझं काम सुपरवायझरनं असं रोज खरवडलं असतं तर मी कारखाना केव्हाच सोडला असता. पालघरला एकदा प्रदर्शन भरवलं. लोक आले, एसीत जरा टेकले, ‘छान आहे हं’ म्हणाले आणि गेले. घरी येताना ती म्हणाली, "यातलं एक तरी चित्र कुणाला आपलं वाटलं असेल का रे?" मला फार वाईट वाटलं.

म्हणून सातपाटीच्या मासे विकणाऱ्या बायकांनी बाजाराची लांबलचक भिंत रंगवायला तिला बोलावलं, तेव्हा ती आठवडाभर हवेत होती. शिमग्याच्या आदल्या रविवारी भिंत गावाला दाखवायची ठरली. रंगाचे डबे माझ्या स्कूटरवर. होड्या झाल्या, समुद्र झाला आणि मधोमध बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले शेकडो बोंबील झाले.

बुधवारी जमनाबाई आल्या. तीस वर्षं त्या याच भिंतीला पाठ लावून बसतात. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ए बाय, यांना शेपटीनं कशाला टांगलंस? काय गुन्हा केला यांनी?"

बायका खो खो हसल्या. आम्ही मूळचे जळगावकडचे, घरात मासे शिजत नाहीत. अर्चनानं मांडवाचे फोटो लांबून, रस्त्यावरून काढलेले. जवळून बोंबील बघितले ते बोईसरच्या वाण्याकडे, शेपट्या बांधून टांगलेली सुकी जुडी. भिंतीवर तेच उतरलं.

"मावशी, चित्र आहे ते! फोटो नाही!" अर्चना तडकली. तिचं नाक लाल झालं की मी चार पावलं मागे सरतो.

"मग तुझ्या घरात काढ. ही भिंत आमची हाय. याच्याखाली आमी बसनार नाय, गिऱ्हाइकं हसतील आमाला."

त्या रात्री ती जेवली नाही. मी म्हटलं, सोड ना, कोण बघतंय एवढं? त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं भांडी घासली.

सकाळी ती जमनाबाईंच्या मांडवावर हजर. त्यांनी तिच्या हातात दोन ओले, बुळबुळीत बोंबील दिले.

"दोघांची तोंडं एकमेकांत अडकव. एक दोरीच्या हिकडं, एक तिकडं. गाठ लागत नाय न काय नाय."

बोंबलाचे दात बारीक, पण टोचतात. तीन तासांत तिची बोटं सोलवटली आणि पहिल्या चाळीस जोड्या खाली पडल्या. दुपारी तिनं भिंतीचा मधला सगळा भाग पांढऱ्या रंगानं झाकून टाकला. दहा दिवसांचं काम होतं ते. मला बघवेना. शुक्रवार-शनिवार मी रजा टाकली आणि ती जोडी-जोडीनं बोंबील काढत राहिली.

रविवारी नारळ फुटला, पाहुणे बोलायला उभे राहिले. तेवढ्यात रखमा नावाच्या एका बाईनं टोपली खाली ठेवली आणि भिंतीवर हात ठेवला.

"हा तर माझा मांडव!"

"तुझा कुठचा?" जमनाबाई गरजल्या. "तुझा बांबू वाकडा हाय. हा माझा हाय!"

"वाकडाच काढलाय, नीट बघ!"

तिसरी मध्ये पडली, मग चौथी. एकेक जोडी बोटानं दाखवत जुंपली. पाहुण्यांचं भाषण कुणालाच ऐकू येईना. चित्र कुणी काढलं, याची तर आठवणही कुणाला नव्हती.

अर्चना स्कूटरपाशी उभी राहून घळाघळा रडत होती. मी म्हटलं, "अगं, जाऊन सांग ना एकदा, मांडव कोणाचा ते."

"गप्प बस," ती म्हणाली. "भांडू देत त्यांना."