वायफाय लागलं, आता हात लावू नको!

जुन्या हायवेवर चौक गावात माझं आणि महेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात जुने चार्जर साचतात तसे किस्सेही साचतात, फेकवत नाहीत! लोक थकलेले लॅपटॉप आणतात, त्यांना नवं विंडोज झेपत नाही, मग आम्ही त्याजागी लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टीम टाकतो. सगळं झकास चालतं, फक्त वायफाय लागत नाही! त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बऱ्याचदा वेगळा टाकावा लागतो. खरं सांगतो, तेव्हा एंटर दाबायची मला अजून भीती वाटते.

यंदा तर भीती घरातच शिरली. महेशची बायको सुजाता हिने नेरळहून मुंबईचा रोजचा प्रवास झेपेना म्हणून नोकरी सोडली होती. नंतर कुठूनच बोलावणं येत नव्हतं. शेवटी घरून करायच्या एका नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला. आणि तिचा लॅपटॉप आमच्याच हातचा, लिनक्सवाला!

*

एका काकांसमोर ड्रायव्हर टाकत होतो. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली तसे काका उठलेच. “थांबव रं! माझं ब्यांकेतलं खातं कोन उघडतंय?”

मी समजावेपर्यंत त्यांनी प्लग उपटला. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे सगळं पहिल्यापासून! दुसऱ्या खेपेला काका डोळे मिटून बसले.

“काका, झालं.”

“खातं हाय ना पन?”

*

ड्रायव्हर टाकल्यावर काही लॅपटॉप सुरू होताना एक निळा स्क्रीन दाखवतात आणि आम्ही ठरवून दिलेला पासवर्ड विचारतात. खालापूरच्या एका गुरुजींना हे नीट सांगून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉपची पिशवी हात लांब करून धरून आले.

“मी काय केलं नाय! तो आपला आपणच निळा झाला!”

“मग पासवर्ड टाकलात का?”

“अहो, मी चादर टाकली!”

*

लोधिवलीच्या एका घरातून सारखा फोन यायचा, वायफाय दिसत नाही. आम्ही दोनदा ड्रायव्हर टाकला. दुकानात लागायचं, घरी गेलं की गायब. आपल्यालाच काही येत नाही की काय, या धास्तीने शेवटी त्यांच्या घरी गेलो. राउटर, म्हणजे वायफाय सोडणारी डबी, कुठेच दिसेना. एक वायर मात्र लोखंडी कपाटाच्या फटीतून आत गेलेली, आणि लोखंडातून वायफाय बाहेर येतं कुठे!

“पोरं हात लावतात, भ्या वाटतं,” त्या घरच्या वहिनी म्हणाल्या. “म्हणून दागिन्यांच्या शेजारी ठेवलाय!”

*

दसऱ्याला आम्ही सगळी मशिनं बंद करतो, पुसतो आणि पूजा करतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला फार खटपटीने वायफाय लागलं होतं. महेश तो बंदच करू देईना! “परत नाय लागलं तर?” त्याने चालू कॉम्प्युटरलाच एका बोटाने हळदकुंकू लावलं, बटणापासून लांब फूल ठेवलं आणि हात जोडून पुटपुटला, “बंद पडू नको रं बाबा.”

देवीकडे काही मागायचं राहूनच गेलं.

*

आणि हाच महेश! सुजाताच्या इंटरव्ह्यूच्या सकाळी त्याला वाटलं, एक अपडेट मारून ठेवावं, मध्येच काही नको. झालं, अपडेटने ड्रायव्हरच उडाला, वायफाय गायब! त्याचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येईना. “लवकर ये रं. तिला अजून सांगितलं नाय.”

नेरळला मी कसा पोचलो, आठवत नाही. तिची नोकरी आमच्यामुळे गेली तर काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. तोवर सुजाताला कळलं होतं. तिने घड्याळ काढून आमच्यासमोर टेबलावर ठेवलं.

ड्रायव्हर काही केल्या बसेना. इंटरव्ह्यूची वेळ होत आली, तेव्हा महेशचा फोन केबलने लॅपटॉपला जोडून त्याचं नेट घेतलं. पण केबल जिथे घुसते ते फोनचं पोर्ट सैल! केबल जरा हलली की कनेक्शन तुटायचं. मग कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून महेश फोन घेऊन टेबलाखाली शिरला आणि केबल दोन्ही हातांनी दाबून धरून बसला.

“हलू नका हां,” सुजाता म्हणाली.

इंटरव्ह्यू सुरू झाला. मी दाराशी उभा. महेशच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. ती छान बोलत होती. शेवटी साहेबांनी विचारलं, “घरून काम करताना कॉम्प्युटरची काही अडचण आली, तर मदतीला घरात कोणी जाणकार आहे का?”

सुजाताने एकदा टेबलाखाली बघितलं.

“नाही सर. कोणीच नाही.”